डोंगरापलीकडे पोचवायचा पाय

पायवाल्याने दुकानाच्या काउंटरवर टॉवेलात गुंडाळलेली वस्तू ठेवली आणि टॉवेल सोडला, तेव्हा हेल्मेट बघायला आलेलं एक गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं. आत एक पाय होता. गुडघ्याखालचा, मांसाच्या रंगाचा, वर खोलगट वाटीसारखं सॉकेट, खाली धातूची नळी आणि बोटं कोरलेलं रबरी पाऊल.

"हा न्यायचाय," तो म्हणाला. "मोटरसायकलवरून. साडेतीनशे किलोमीटर. धक्का लागता कामा नये."

दुकानातली बाई पन्नाशीची होती. मोटरसायकलचं सामान विकायच्या आधी तिने स्वतः वीस वर्षं गाडी हाणली होती, त्यामुळे पाय बघून ती दचकली नाही. तिने तो हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला.

"जोड आहे की एकच?"

"एकच. डावा."

"मग पंचाईत उजव्या बाजूची," बाई म्हणाली. "तिकडे तेवढंच वजन घालावं लागेल."

कृत्रिम पाय बनवायचं त्याचं काम चोवीस वर्षांचं. वर्कशॉप घरामागेच होतं आणि सगळी गल्ली त्याला पायवालाच म्हणायची. हाताचा कमालीचा स्थिर माणूस. प्लॅस्टरचा साचा घासताना केसभर चूक व्हायची नाही. पण गेले आठ दिवस त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जेवताना मधूनच उठायचा, वर्कशॉपात जाऊन कपाटातला तो पाय बघून यायचा. बायको म्हणाली होती, "पळून जाणार आहे का तो एकटाच?"

पाय त्याच्या धाकट्या भावाचा होता. धाकटा डोंगरापलीकडच्या गावात पाणीपुरवठ्याच्या पंपघरावर नोकरीला. महिन्यापूर्वी येऊन तो नवीन पायाचं माप देऊन गेला आणि त्यानंतर पंधरा दिवसांत डोंगराची एक कड रस्त्यावर कोसळली. बस बंद, पार्सल बंद. ओढ्यावर तात्पुरता लोखंडी पूल टाकला होता, त्यावरून फक्त दुचाकी सोडत होते. त्यातच धाकट्याच्या जुन्या सॉकेटला चीर गेली. आता तो कुबड्यांवर होता आणि पंपघराच्या टाकीला बेचाळीस पायऱ्या होत्या.

"तिकडचं कुणीतरी मोटरसायकलवर तुला पुलापर्यंत आणून सोडेल की," पायवाल्याने फोनवर सुचवून पाहिलं होतं.

"मी कुणाच्या मागे बसत नाही, दादा. तुला माहितीये," धाकटा म्हणाला होता आणि विषय तिथेच संपला होता.

माहिती होतंच. अकरा वर्षांपूर्वी धाकटा मागे बसला होता तो याच्याच. गाडी घसरली, धाकट्याचा पाय गेला. रस्त्यावर खडी होती, असं पायवाल्याने तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. त्यानंतर त्याने गाडी विकली आणि परत कधी चालवली नव्हती. आता मेव्हण्याची मोटरसायकल मागून आणली होती आणि गल्लीतच चार दिवस फेऱ्या मारून हात बसवला होता.

"पत्र्याच्या पेट्या बसवल्या तर?" त्याने बाईला विचारलं.

"त्यांना आधी लोखंडी सांगाडा लावावा लागतो. मेव्हण्याच्या गाडीला भोकं पाडणार आहात?"

"नको."

"मग या सीटवरून आडव्या टाकायच्या जोडपिशव्या. पाय आणि अवजारं यांत, खाली आणि शक्य तेवढी तुमच्या जवळ. वर फक्त कपड्यांची वळकटी. जड सामान मागे टोकाला बांधलंत की पुढचं चाक हलकं होतं आणि गाडी तुमचं ऐकत नाही."

"पिशवी चाकात गेली तर?"

"नाही जाणार. हा खालचा पट्टा गाडीच्याच सांगाड्याला आवळायचा."

"आणि पट्टा तुटला तर?"

"दुसरा आहे."

"आणि दुसराही..."

बाईने हातातली पिशवी खाली ठेवली. "पूर्वी कधी सामान पडलंय का तुमचं?"

"नाही," पायवाला पटकन म्हणाला. जरा जास्तच पटकन.

बाईने खांदे उडवले आणि भिंतीवरून हुक असलेल्या रबरी दोऱ्यांचा एक जुडगा काढला. "वळकटीला यातली एक लागेल."

"ती नको!"

एवढ्या मोठ्याने की हेल्मेटवाल्या गिऱ्हाइकाने वळून बघितलं. पायवाल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाईने दोऱ्या परत टांगल्या. "मलाही नाही आवडत त्या," ती हळूच म्हणाली. "ताणतात, हुक निसटतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो. पट्टेच घ्या, दात असलेल्या बकलाचे. ओढले की बसतात, परत ताणत नाहीत. फक्त शेपट्या मोकळ्या सोडू नका."

पिशव्या घेऊन तो घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन आला. कापड पातळ वाटत होतं. जाड कापडाच्या नेल्या, त्या तिसऱ्या दिवशी परत आल्या. उजवी पिशवी सायलेन्सरच्या फार जवळ लोंबत होती. बाईने या खेपेला लहान मापाच्या दिल्या, सायलेन्सरवर लावायची पत्र्याची जाळी दिली आणि बजावलं, "आता आलात तर दुकान बंद आहे असं सांगेन."

निघायच्या आदल्या दिवशी अंगणात सगळा संसार मांडला होता. पाय आधी फोमच्या तुकड्यात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग टॉवेलात, मग डाव्या पिशवीत गेला. उजवीकडे पाने, स्क्रू, रंधा, हवा गरम करायची बंदूक. बायकोने घरातला वजनकाटा आणून दिला. डावी बाजू तीनशे ग्रॅम हलकी भरली. त्याने पाण्याची बाटली टाकली. मग ती जड झाली. बाटलीतलं पाणी घोट घोट पिऊन त्याने तोल साधला, तेव्हा बायकोला हसू आवरेना.

"अहो, भावाला भेटायला चाललाय की चंद्रावर?"

तो हसला नाही. पट्टे आवळले, गाडी हलवून बघितली, गल्लीच्या टोकापर्यंत फेरी मारून आला, सगळं सोडलं, परत बांधलं. पाचव्या खेपेला खिडकीतून आई म्हणाली, "बस की जरा एका जागी. डोळ्यांना शिणवटा आला माझ्या." आईला आता फारसं चालवत नव्हतं, पण जीभ जाग्यावर होती. "आणि त्याला सांग, जिने जपून चढ म्हणावं. पहिल्यापासून धसमुसळा तो."

पायवाल्याने मान खाली घालून बकल परत एकदा ओढलं.

पहाटे फटफटायला लागल्यावर तो निघाला. पहिल्या पाच किलोमीटरवर थांबला आणि पट्टे बघितले. जसेच्या तसे होते. पुढे दहावर थांबला. मग सतरावर. चहाच्या टपरीवर उभ्यानेच चहा प्यायला, कारण बसलं की गाडीची डावी बाजू दिसत नव्हती. टपरीवाला म्हणाला, "पिशवीत काय सोनं आहे का?" त्यावर याने काहीतरी पुटपुटून पैसे दिले.

सपाट रस्त्यावर गाडी छान चालली. बाई म्हणाली होती तसं वजन खाली होतं, वळणावर गाडी आपणहून कलत होती आणि आपणहून सरळ होत होती. दुसरा कुणी असता तर त्याला मजा वाटली असती. पायवाल्याची पाठ मात्र लाकडासारखी ताठ झाली होती. दर दोन मिनिटांनी तो हात मागे नेऊन पिशवी चाचपायचा आणि तेवढ्यात गाडी डगमगायची, की दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरायचा.

डोंगर लागला तसा रस्ता फुटका झाला. पुलाच्या अलीकडे दगडगोट्यांवरून दोन किलोमीटर हाडं खिळखिळी झाली. पूल एकदाचा ओलांडला, चढ चढला आणि त्याला वास आला. जळका वास. प्लॅस्टिकचा.

त्याने गाडी कशी थांबवली हे त्याला आठवत नव्हतं. उजव्या बाजूला गुडघ्यावर बसून बघतो तर पट्ट्याची शेपटी. धक्क्यांनी गाठ सुटून ती जाळीच्या कडेने आत गेली होती आणि सायलेन्सरला चिकटून वितळली होती. वीतभर पट्टा. पिशवी शाबूत, अवजारं शाबूत, पाय तर दुसऱ्याच बाजूला. चाकापासून सगळं हातभर लांब.

काहीच झालं नव्हतं. तरी तो रस्त्याकडेच्या मोरीवर बसला तो कितीतरी वेळ उठलाच नाही.

त्या दिवशी खडी नव्हतीच. रस्ता तुळतुळीत होता. दोघं भाऊ मावशीकडे निघाले होते, मागे अंथरुणाची वळकटी. उशीर झाला म्हणून त्याने घाईघाईत चार हुकांची रबरी दोरी टाकली, त्यातले तीनच हुक धड लागले. पेट्रोल भरताना त्याने बघितलंही होतं की एक हुक नुसता टेकलाय. पोचेपर्यंत टिकेल, असं मनात म्हटलं आणि गाडीला किक मारली. वीस मिनिटांनी वळकटी एका बाजूला घसरली, दोरी मागच्या चाकात गेली आणि चाक जागच्या जागी थांबलं. मागून येणारा टेम्पो थांबू शकला नाही.

इथपर्यंत चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते, असं त्याने स्वतःला शेकडो वेळा सांगितलं होतं. पण लोक धाकट्याला उचलून सावलीत नेत होते, तेव्हा याने खिशातला चाकू काढून चाकातली दोरी कापली आणि नाल्यात टाकली. भाऊ तिकडे ओरडत होता आणि हा इकडे दोरी सोडवत होता. ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. पुढे धाकट्याचा प्रत्येक पाय त्याने स्वतःच्या हाताने केला, आतापर्यंत पाच, आणि लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. ते ऐकलं की तो कुठलं तरी काम काढून तिथून उठायचा.

वितळलेला तुकडा त्याने कापून काढला, शेपटी गुंडाळून आत खोचली आणि पुढे निघाला.

दुपारी तो पोचला तेव्हा धाकटा पंपघराच्या दारात कुबडीवर उभा होता. दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला, पण डोळे हसरे. "आलास! मला वाटलं, निम्म्या वाटेतून परत फिरशील."

"बस. पाय दाखव," पायवाला म्हणाला.

"आधी पाणी तरी पी."

"बस म्हणतो ना."

मोटरीची घरघर चालू होती. पलीकडच्या लहान खोलीत खाट, शेगडी आणि एक खुर्ची, एवढाच धाकट्याचा संसार. पायवाल्याने त्याच्या पायाचा उरलेला भाग हातात घेऊन बघितला. चिरलेल्या सॉकेटने एका जागी कातडी सोलली होती, पण जखम सुकत आली होती. त्याने मोजा चढवला, नवीन सॉकेट बसवलं, धाकट्याला उभं केलं. कामाला लागल्याबरोबर त्याचे हात शांत झाले. गरम हवेने कड जराशी फाकवली, नळीचे स्क्रू पाव फेरा फिरवले.

"चाल. भिंतीला धरून."

धाकटा चालला. चार पावलं, मग आठ. भिंत सोडली. "टाच उंच वाटतेय."

"बघतो. आज पंधरा मिनिटंच घालायचा. कातडीला सवय होऊ दे."

"हलका आहे रे!" धाकटा खोलीभर फिरून खाटेवर टेकला. खूश झाला होता. खूश झाला की तो बोलत सुटायचा, लहानपणापासून. "तू गाडीवर आलास, दादा. मला खरं नव्हतं वाटत. माझ्यामुळे तुझं गाडी चालवणं सुटलं होतं."

"तुझ्यामुळे कशी?"

"आता जाऊ दे ना."

"नाही, सांग."

धाकटा नव्या पावलाच्या बोटांकडे बघत राहिला. "त्या दिवशी रस्त्याच्या कडेने आगगाडी चालली होती. आठवतं? लांबलचक मालगाडी. मी मागे वळून डबे मोजत होतो. पार वळून, कमरेतून. सदतिसावा डबा मोजला आणि गाडीचा तोल गेला. तू खडी म्हणालास ते मला सांभाळून घ्यायला, हे काय मला कळत नाही? आईला बरोबर संशय आला होता. ती अजून म्हणते, याला मागे धड बसता आलं नाही, थोरल्याचा जीवही धोक्यात घातला. मी कधी कबूल केलं नाही तिच्याजवळ. पण म्हणून मी कुणाच्या मागे बसत नाही. माझ्यापायी आणखी कुणी मरायला नको."

पायवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. त्याला वाटायचं, धाकटा भितो म्हणून बसत नाही. अकरा वर्षं त्याने आपल्या मनाचा हिशेब मांडला होता, पण त्या हिशेबात हे कुठेच नव्हतं.

"खडी नव्हती," तो म्हणाला.

"तेच म्हणतोय मी."

"तू वळलास म्हणूनही नाही. वळकटी सुटली होती. मी धड बांधली नव्हती. हुक नुसता टेकलेला मी पेट्रोल पंपावर बघितला होता. दोरी चाकात गेली." आवाज त्याचा त्यालाच परका वाटत होता. "तुला उचलत होते तेव्हा मी ती कापून नाल्यात टाकली."

पलीकडे मोटर चालूच होती. तोंडात मारल्यासारखा धाकट्याचा चेहरा झाला होता. मग तो उठला आणि दाराबाहेर गेला.

"पंधरा मिनिटं झाली," पायवाला मागून म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून त्याला स्वतःची लाज वाटली.

धाकटा टाकीच्या भोवतीच्या वाटेने चालत होता. एक फेरी, दुसरी, तिसरी. पायवाला दारात उभा राहिला, आत गेला, परत बाहेर आला. खुर्चीवर बसला, उठला. त्याला भावाची पाठ दिसत होती आणि टाच खरंच उंच आहे हेही दिसत होतं. डावं पाऊल पडताना गुडघा किंचित पुढे ढकलला जात होता. असल्या वेळीही हे आपल्याला दिसावं, याचा त्याला राग आला. जाऊन काही बोलावं म्हणून तो दोनदा पायरी उतरला आणि दोनदा परत वर आला.

अर्ध्या तासाने धाकटा आत आला, खाटेवर बसला आणि पाय काढला. कातडी लाल झाली होती.

"सदतीस डबे," तो म्हणाला. "अकरा वर्षं मी ते सदतीस डबे मोजतोय, दादा. पाय गेला त्याचं काही नाही रे. म्हणजे आहे, पण ते गेलं. तू नुसतं एकदा म्हणाला असतास की चूक माझी, तर मी त्याच दिवशी म्हटलं असतं, मरू दे. तू मला पाच पाय करून दिलेस आणि हे एवढं नाही दिलंस."

माफ कर म्हणायचं पायवाल्याच्या अगदी ओठावर आलं होतं, पण ते इतकं चिल्लर वाटलं की त्याने ते गिळलं.

धाकट्याने उशाखालचा फोन घेतला, नंबर लावला आणि त्याच्यापुढे धरला. "आई आहे. आता सांग."

"आत्ता? फोनवर?"

"तिकडे जाईपर्यंत तुझा विचार बदलेल. मी ओळखतो तुला."

फोनमधून आईचा आवाज यायला लागला होता. "पोचला का रे तो? बोलत का नाही कुणी?"

पायवाल्याने फोन घेतला. उभ्याने बोलायची त्याची सवय, पण या वेळी तो खुर्चीवर बसला. "आई, मी बोलतोय. पोचलो. सामान नीट आलं. तू बसलीयेस ना?"

आणि त्याने सांगितलं. काही गाळलं नाही, चाकूसुद्धा. शेवटी आई एवढंच म्हणाली, "फोन त्याला दे."

धाकट्याने फोन कानाला लावला. बराच वेळ तो नुसतं "हं, हं" करत होता. मग म्हणाला, "अगं, रडू नकोस. तुला तरी कुठे माहीत होतं?" आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. पायवाला उठून बाहेर गेला. पंपघराच्या कठड्यावर ऊन पडलं होतं. खाली गावात कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचा धप् धप् आवाज वरपर्यंत येत होता. तो ऐकत बसला. कितीतरी दिवसांनी त्याला उठावंसं वाटलं नाही. पण बरंही वाटत नव्हतं. धाकटा आता आपल्याशी परत पहिल्यासारखा बोलेल का, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचा हक्क आपल्याला नाही एवढं कळत होतं.

आतून कुबडीचा आवाज आला. धाकटा दारात येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले होते.

"तू उद्या जाणार होतास ना?"

"हो. तू म्हणशील तर आत्ता निघतो."

"आत्ता नको." धाकट्याने खाली गावाकडे बघितलं, भावाकडे नाही. "जिन्यावर चालून बघितल्याशिवाय मला हा पाय चालणार नाही. त्याला दोन दिवस तरी लागतील. आणि मी आज तुझ्याशी जास्त बोलणार नाही, आधीच सांगतो."

"चालेल," पायवाला म्हणाला.

"टाच?"

"अर्धं सूत खाली घेतो."

"एक सूत घे," धाकटा म्हणाला आणि आत वळला.